फिलिपाइन्समधली समकालीन कला

ढोबळमानाने १९७० नंतरची फिलिपिनो चित्रं, शिल्पं, इन्स्टॉलेशन (जागेत वस्तू मांडून केलेली कलाकृती) वगैरे समकालीन कलेत धरतात, पण सुरुवात नेमकी कुठून मानायची यावर एकमत नाही. काहीजण चित्रकार विक्तोरिओ एदादेसपर्यंत मागे जातात. अमेरिकेतून शिकून आलेल्या एदादेसनी १९२८ च्या अखेरीस मनिलात प्रदर्शन भरवलं आणि त्यातलं 'द बिल्डर्स' हे चित्र बघून लोक दचकलेच, कारण तोवर डोळ्यांना सवय होती फर्नांदो अमोर्सोलोंच्या सोनेरी उन्हातल्या भातशेतीची, आणि इथे मातकट रंगात दगडांशी झुंजणारे, अंग पिळवटलेले मजूर. पुढे शिल्पकार गियेर्मो तोलेन्तिनोंशी त्यांचा या नव्या शैलीवरून जोरदार वाद झाला. दुसरे अभ्यासक १९५१ ला सुरू झालेल्या फिलिपाइन आर्ट गॅलरीला मान देतात. पण या दोन्ही खुणा आधुनिक कलेच्या म्हणाव्यात. १९६९ ला मनिलात कल्चरल सेंटर उघडलं, चित्रकार रोबेर्तो चाबेत तिथल्या म्युझियमचे पहिले संचालक झाले, १९७० पासून तरुण कलाकारांसाठीचा थर्टीन आर्टिस्ट्स पुरस्कार आला, तिथून धरणं जास्त पटतं. चाबेतांचा भर कल्पनेवर, साधं प्लायवूडसुद्धा त्यांना चालायचं.

अर्थात हे सेंटर राष्ट्राध्यक्ष फर्दिनांद मार्कोस यांच्या पत्नी इमेल्दा यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. मार्कोस राजवटीतच १९७२ ला मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला, आणि १९७६ च्या सुमारास काइसाहान या चित्रकारांच्या गटातल्या अंतिपास देलोताव्हो, पाब्लो बाएन्स सांतोस वगैरेंनी कामगार आणि दडपशाही थेट कॅनव्हासवर आणली.

कलाकृती ज्यापासून बनवतात त्या सामग्रीतला बदल तर फारच बघण्यासारखा आहे. शिल्पकार जुन्यी यांनी १९८१ ला सावरीची सुकी बोंडं अशी मांडली की भिंतीवरून किड्यांची रांगच सरपटतेय असं वाटावं. चित्रकार पसिता अबाद रंगवलेल्या कॅनव्हासच्या मागे कापड लावून आत भरण घालायच्या, वरून जाड टाके, बटणं, कवड्या, आरसे, त्यामुळे चित्र गोधडीसारखं फुगीर होतं, ते फ्रेममध्ये न घालता नुसतं टांगायचं. मनिलाबाहेरही हालचाल होती: उत्तरेतल्या बागियो शहरात १९८७ ला सांतियागो बोसे, बेनकाब, किडलात ताहिमिक या कलाकारांनी आर्ट्स गिल्ड (कलाकारांची संघटना) काढलं. मधल्या विसाया बेटांवर बाकोलोद शहरातला ब्लॅक आर्टिस्ट्स इन एशिया हा गट १९८६ चा.

अलीकडचं नाव म्हणजे आल्फ्रेदो आणि इसाबेल आकिलिसान हे जोडपं. परदेशात राबणारे फिलिपिनो घरी सामान भरून जे खोके पाठवतात त्यांना बालिकबायन बॉक्स म्हणतात. या दोघांनी स्थलांतराचा विषय धरून तसे सामानाने भरलेले खोके मांडले, आणि पुठ्ठ्याची चिमुकली घरं एकावर एक रचून अख्ख्या वस्त्या उभ्या केल्या.