फोनवर मेल उशिरा का दिसतो?

आमच्याकडून ऑफिसचा ई-मेल घेतलेल्या ग्राहकांची नेहमीची तक्रार: कॉम्प्युटरवर मेल लगेच येतो, फोनवर पंधरा-वीस मिनिटांनी. तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते आणि शिव्या सर्व्हरला बसतात. खरं तर मेल सर्व्हरवर वेळेत आलेला असतो. फोनला ते कोणी सांगत नाही. तो स्वतः विचारायला येतो तेव्हाच त्याला कळतं.

कॉम्प्युटरवर थंडरबर्ड (मेल वाचायचा प्रोग्रॅम) उघडं असेपर्यंत ते आमच्या सर्व्हरशी जोडलेलं राहतं. आयमॅपमध्ये, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीत, १९९७ पासून यासाठी 'आयडल' नावाची सोय आहे. फोन कानाला लावून गप्प बसायचं आणि पलीकडचा बोलला की ऐकायचं, तसाच हा प्रकार. अर्धा तास शांतता राहिली तर सर्व्हर जोडणी तोडू शकतो, म्हणून २९ मिनिटांच्या आत प्रोग्रॅम 'आयडल' नव्याने सुरू करतो. मात्र एक जोडणी एकाच फोल्डरवर लक्ष ठेवते. तुम्ही फिल्टर लावून 'बिलं' फोल्डरमध्ये वळवलेला मेल कॉम्प्युटरवरही मागे पडू शकतो.

फोनमधल्या प्रत्येक ॲपने अशी जोडणी धरून ठेवली तर बॅटरी संध्याकाळही बघणार नाही. म्हणून आयफोनमध्ये ॲपलची एकच सामायिक जोडणी असते (ही सेवा २००९ मध्ये सुरू झाली), अँड्रॉइडवर गूगलची. बहुतेक ॲपच्या सूचना तिच्यावरूनच येतात. जीमेलच्या ॲपमध्ये जीमेलचा मेल क्षणात वाजतो तो यामुळेच. आमच्यासारख्या साध्या आयमॅप सर्व्हरला त्या जोडणीवर जागा नाही.

आयफोनचं स्वतःचं मेल ॲप 'आयडल' वापरत नाही. ते ठरावीक वेळाने येऊन विचारतं, कमीत कमी १५ मिनिटांनी. मेलच्या सेटिंगमध्ये 'फेच न्यू डेटा' उघडा आणि सगळ्यात खाली बघा. तिथे 'ऑटोमॅटिकली' निवडलेलं असेल तर फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर असतानाच मागच्या मागे मेल आणतो; दिवसभर बाहेर फिरणाऱ्यासाठी हे बिनकामाचं. '१५ मिनिटं' करा. त्याखाली जाता येत नाही, आम्हालाही नाही. ओटीपीची वाट बघत असाल तर ॲप उघडून यादी बोटाने खाली ओढा, मेल लगेच येईल.

अँड्रॉइडवर जीमेलच्या ॲपमध्ये आमचं खातं जोडलं असेल तर तिथेही १५ मिनिटांचाच फेरा. घाईची कामं असणाऱ्यांना आम्ही अँड्रॉइडचं थंडरबर्ड सुचवतो, कारण ते 'आयडल' वापरतं. पुश (मेल आला की लगेच कळण्याची सोय) चालू केलं की त्याची एक सूचना वर कायम दिसत राहते. ती खुपते म्हणून पुश बंद करू नका. शाओमी, विवो, ओप्पोच्या फोनवर बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली ॲप परस्पर बंद केली जातात, तेव्हा थंडरबर्डला बॅटरीच्या निर्बंधांतून वगळा.

आणि कॉम्प्युटरवर जुनं पॉप खातं (मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याची जुनी पद्धत) असेल तर आधी आम्हाला सांगा. पॉप मेल उतरवून सर्व्हरवरून पुसत असेल, तर फोनने विचारेपर्यंत तिथे काही उरतच नाही.

तक्रार करण्यापूर्वी ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून बघा. मेल तिथे असेल तर फोनची सेटिंग तपासा. तिथेही नसेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पाठवल्याची वेळ आम्हाला कळवा. सर्व्हरच्या नोंदींत आम्ही शोधतो.