दिवे लागतात, मग सेल्फ का लागत नाही?

चावी फिरवली की बॉनेटखालून नुसतं टक्‌टक्‌टक्‌टक्‌. इंजिन ढिम्म. अशा वेळी बाजूला उभं असलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, “बॅटरी ठणठणीत आहे हो, दिवे बघा किती लख्ख लागलेत!” हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

दोन हेडलाइट मिळून साधारण ९ अँपिअर प्रवाह घेतात. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ, म्हणजे चालू करणारी मोटर, इंजिन फिरवताना शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. आता शाळेतला ओहमचा नियम काढा: व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले रोध. बॅटरीच्या पोटातही थोडा रोध असतो. धडधाकट बॅटरीत समजा ०.००५ ओहम. २०० अँपिअर ओढले की १ व्होल्ट आतच खर्च होतो, १२.६ चे ११.६ उरतात, सेल्फ फिरतो. प्लेटांवर लेड सल्फेटचा टणक थर बसला आणि रोध ०.०५ झाला, तर? हेडलाइटसाठी तूट जेमतेम ०.४५ व्होल्ट, डोळ्याला कळतही नाही. सेल्फने मात्र २०० अँपिअर मागितले तर तूट १० व्होल्टची! तेवढा प्रवाह मग मिळतच नाही, व्होल्टेज आधीच कोसळतं.

ती टकटक मात्र मला फार आवडते. सेल्फच्या पाठीवर सॉलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच, असतो. त्यात दोन वेटोळी: एक लोखंडी दांडा जोरात ओढणारं, दुसरं तो नुसता धरून ठेवणारं. दांडा आत गेला की त्याच्या टोकाची तांब्याची चकती मोटरचा जाड जोड पूर्ण करते. त्याच क्षणी ओढणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं आणि ते गप्प होतं. सगळी भिस्त उरते धरणाऱ्यावर. मोटर प्रवाह ओढते, व्होल्टेज पडतं, धरणाऱ्याची पकड सुटते, स्प्रिंग दांडा मागे फेकते. जोड तुटला की बॅटरीवरचा भार गेला, व्होल्टेज पुन्हा वर, दांडा पुन्हा आत. टक्‌. शाळेतली विजेची घंटा अशीच स्वतःचा प्रवाह स्वतः तोडत वाजते.

निघताना गाडी अडली की अपशकुन मानणारे आहेत, तसे बॅटरीत पूड टाकून तिला तरुण करू पाहणारेही आहेत. १९५३ साली अमेरिकेत ‘एडी-एक्स२’ नावाच्या अशाच पुडीला निरुपयोगी ठरवलं म्हणून तिथल्या मानक संस्थेचे प्रमुख ॲलन ॲस्टिन यांना पद सोडायला लावलं होतं. शास्त्रज्ञ खवळले, ॲस्टिन परत आले, आणि विज्ञान अकादमीच्या समितीनेही पूड बाद ठरवली.

नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल बघा. त्यावरचा पांढरा-हिरवट बुरा ०.०२ ओहमचा असला तरी १५० अँपिअरला ३ व्होल्ट खातो. टर्मिनल तापतं ते त्यामुळेच. घासून, आवळून घ्या.

मग हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे मेले तर बॅटरी किंवा तिचे जोड. दिवे तसेच आणि सेल्फ गप्प, तर रिले (सॉलेनॉइडला वीज देणारा छोटा स्विच), सॉलेनॉइड, क्लचचा स्विच. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्क किंवा न्यूट्रलला आहे का ते आधी पाहा. सेल्फ झपाझप फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीचा नाद सोडा, पेट्रोल आणि ठिणगी शोधा.

दुसऱ्या गाडीवरून जोडणी करताना शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला लावू नका, इंजिनच्या उघड्या धातूला लावा. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो.