कुलूप

कुलूप : दार, पेटी, कपाट किंवा साखळी बंद ठेवून ती ठरावीक किल्लीनेच, अथवा ठरावीक आकडे जुळवूनच, उघडेल अशी केलेली यांत्रिक योजना. टाळे हा समानार्थी शब्द. कडी, खिट्टी व आगळ या साधनांनीही दार बंद होते. पण ती लावायला आत माणूस असावा लागतो. घर रिकामे सोडून निर्धास्तपणे गावाला जाता येते ते कुलपामुळे. म्हणूनच कुलपाची मजबुती आणि किल्लीचा ताबा हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. त्यांतला दुसरा अधिक महत्त्वाचा आहे.

कुलूप हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून आला, याबद्दल कोशकारांत फारसे दुमत नाही. फ आणि ल यांची अदलाबदल मराठीत झाली की शब्द येतानाच उलटून आला, एवढेच काय ते उरते. उत्तरेकडील बोलींत ‘कुल्फ’ असे रूप आढळते (घट्ट झाकणाच्या साच्यात गोठवलेली कुल्फीही बहुधा याच कुळातली), तेव्हा ही अदलाबदल वाटेतच झाली असावी. ‘टाळे’चा उगम मात्र वादाचा आहे. संस्कृत ‘ताल’, ‘तालक’ यांवरून तो सांगतात. परंतु तमिळमध्ये अडसराला आणि मलयाळममध्ये कुलपाला ‘ताळ्’शी जुळणारा शब्द आहे. त्यामुळे मूळ द्राविडी असून संस्कृतनेच तो उसना घेतला, असे काही भाषाभ्यासक मानतात. मराठीतल्या ‘ळ’वरून यात काही सिद्ध होत नाही, कारण फल-फळ, काल-काळ असा बदल मराठीत सर्रास होतो, आणि ‘ताल’चे ‘टाळ’ हे वाद्याच्या नावातही झालेच आहे. द्राविडी मताचे बळ अर्थसाम्यात आहे, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. ‘किल्ली’ संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटी यावरून आली असावी. ‘चावी’ पोर्तुगीज असल्याचे बहुतेक मान्य करतात. आजच्या पोर्तुगीज उच्चारात त्या शब्दाचा आरंभ ‘श’ने होतो; सोळाव्या शतकात तो ‘च’ होता, आणि कोकणी-मराठीने तो जुना उच्चार जपून ठेवला आहे.

सर्वांत जुने कुलूप म्हणून इराकमधील खोर्साबादच्या अवशेषांतील लाकडी कुलपाचा निर्देश होतो आणि त्याचे वय चार हजार वर्षे असल्याचे वारंवार छापले जाते. ते स्वीकारणे कठीण आहे. खोर्साबाद हे नगरच ॲसिरियाचा राजा दुसरा सारगॉन याने इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरीस वसवले. तेव्हा हे कुलूप फार तर पावणेतीन हजार वर्षांमागे जाऊ शकते. योजना त्याहून जुनी असणे शक्य आहे, परंतु तो तर्क झाला.

या लाकडी कुलपाचे तत्त्व आजही चालते. अडसराला वरून भोके, त्यांत आपल्या वजनाने पडणाऱ्या खुंट्या, आणि त्या खालून उचलणारी दातेरी किल्ली. अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ व १८६५ च्या पेटंटांत हेच धातूमध्ये लहान करून आणले. चपटी किल्ली ज्या फिरत्या दंडगोलात जाते, त्याच्यावर ओळीने पाचसहा पिनांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी स्प्रिंगने खाली दाबलेली असते. किल्लीचा दाता योग्य उंचीचा असला की जोडीतला सांधा बरोबर दंडगोलाच्या काठावर येतो. सगळे सांधे एका रेषेत आले तरच किल्ली फिरते. केसभर वरखाली झाले तर अडते. लिव्हरचे, म्हणजे किल्लीने उचलायच्या चपट्या पट्ट्यांचे, कुलूप वेगळ्या घराण्यातले. रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला जे रूप दिले, त्याची वंशावळ आपल्याकडच्या ‘सात लिव्हर’पर्यंत येते. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन कारागीर ए. सी. हॉब्ज यांनी अभेद्य म्हणून गाजलेली चब आणि ब्रामा या इंग्लिश कारखानदारांची दोन्ही कुलपे किल्लीवाचून उघडली. ब्रामाच्या कुलपाला सोळा दिवसांत मिळून सुमारे एक्कावन्न तास लागले. अशी गुपिते फोडल्याने चोरांचेच फावेल, अशी ओरड झाली. चोरांना ती आधीच ठाऊक असतात, हे हॉब्ज यांच्या बाजूचे उत्तर होते आणि ते योग्यच होते.

मराठी मुलखातील जुन्या वाड्यात रात्रीची मदार कुलपावर नव्हती, आगळीवर होती. भिंतीच्या पोकळीत सरकवून ठेवलेली लाकडी तुळई रात्री दारामागून ओढून समोरच्या भिंतीच्या खोबणीत घालायची. अशा दारापुढे चोर भिंतीकडे वळे. ‘घरफोडी’ या शब्दात तेच राहिले आहे. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाच्या तिसऱ्या अंकातील चोर शर्विलकही भिंतीला भोक पाडूनच शिरतो.

धंदा म्हणून कुलपे अलीगढ व दिंडिगल येथे वाढली; दिंडिगलच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कारखाना काढला. त्याच घराण्याच्या विक्रोळीच्या कारखान्याने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतपेट्या केल्या; त्यांचे कुलूप बाहेर लोंबते न ठेवता आत बसवले होते.

सरकारी व्यवहारात एका माणसावर विसंबायचे नाही, हे तत्त्व कुलपातूनच अमलात येते. कोषागाराची तिजोरी-खोली दुहेरी कुलपात असते आणि दोन किल्ल्या दोघा अधिकाऱ्यांकडे. मतदानयंत्रांच्या स्ट्राँगरूमलाही हीच पद्धत असून उमेदवारांना आपले सील लावता येते. बँकेचा लॉकरही बँकेची व खातेदाराची अशा दोन किल्ल्यांनी उघडतो. बँकेची हलगर्जी किंवा तिच्या नोकराची लबाडी सिद्ध झाली तर भरपाई वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. ‘टाळेबंदी’ हा मूळचा कामगार कायद्यातला शब्द; मालकाने कामगारांना बाहेर ठेवून कारखाना बंद करणे, हा त्याचा अर्थ. २०२० च्या साथीत तो सर्वस्वी वेगळ्या अर्थाने घरोघरी पोहोचला.

संगणकातील कूटलेखनाने, म्हणजे मजकूर इतरांना वाचता येणार नाही असा बदलण्याच्या तंत्राने, कुलूप-किल्लीची भाषा उचलली, आणि ती चपखल आहे. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, किल्ली पडता कामा नये, हे कूटलेखनाचे अभ्यासक ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी संदेशांविषयी लिहिले होते. १९७६-७७ च्या सुमारास पुढे आलेली सार्वजनिक किल्लीची पद्धत दाबून लागणाऱ्या कुलपासारखी आहे : उघडी कुलपे कोणालाही वाटावीत, ती कोणीही लावावीत, उघडणारी किल्ली एकट्या मालकापाशी. ब्राउझरमधील कुलपाच्या चिन्हाचा मात्र फार घातक गैरसमज झाला. वाट सुरक्षित आहे एवढेच ते सांगत असे. पलीकडे बँक बसली आहे की भामटा, हे नव्हे. लोक उलट समजतात म्हणून गूगलच्या क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्ह बदलले. ओटीपी ही एकदाच चालणारी किल्ली. ती फोनवर सांगणाऱ्याचे कुलूप कोणी फोडलेले नसते, त्याच्याकडून किल्ली मागून घेतलेली असते. असे घडल्यास तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत-क्रमांकावर कळवावे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर येथे शनिदेवावरील श्रद्धेमुळे घरांना कुलूप, अनेक घरांना दारही नसते. २०११ मध्ये एका बँकेने तेथे कुलपावाचून शाखा उघडली. २०१५ मध्ये पोलीस ठाणेही आले.

घरातील किल्ल्यांच्या वहिवाटीची नोंद कागदपत्रांत तुरळक आहे. कोठीघराच्या किल्ल्यांचा जुडगा थोरल्या बाईच्या कमरेला असे, आणि तो सुनेच्या हाती देणे म्हणजे घराचा कारभार सोपवणे असे.