ओपन-बॅक, क्लोज्ड-बॅक आणि ‘बॅलन्स्ड’ केबल : वादामागची पार्श्वभूमी

हेडफोन ओपन-बॅक घ्यावा की क्लोज्ड-बॅक, आणि त्याला केबल कोणती लावावी, हे दोन प्रश्न आज एका दमात विचारले जातात. मुळात ते वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी उभे राहिले. कपाची पाठ उघडी ठेवायची की बंद, हा प्रश्न ध्वनीच्या भौतिकशास्त्राचा आहे आणि १९६८ सालापासून तो ठळकपणे आपल्यासमोर आहे. केबल बदलून पाहण्याचा छंद त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी वाढीस लागला. तो मुख्यतः ओपन-बॅक हेडफोनच्याच वाट्याला आला, याचे कारण आवाजापेक्षा कपाखालच्या दोन छोट्या भोकांत अधिक सापडते.

१९६८ च्या आधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. हेडफोन हे टेलिफोनच्या रिसीव्हरचे अपत्य आहे. १९१० साली अमेरिकेतील युटा राज्यातल्या एका संशोधकाने घरच्या स्वयंपाकघरात जोडून नौदलाकडे पाठवलेली जोडी, १९३७ साली बर्लिनमध्ये बनलेला मूव्हिंग-कॉइल जातीचा पहिला हेडफोन आणि १९५८ साली मिलवॉकीत तयार झालेला पहिला स्टिरिओ हेडफोन, हे तिन्ही पाठ बंद असलेलेच होते. आवाज कानात जायचा, म्हणजे बाकी सगळीकडून तो अडवला पाहिजे, हे इतके उघड वाटत होते की त्याला पर्याय असू शकतो असा विचार क्वचितच झाला.

१९६८ साली एका जर्मन कंपनीने एचडी ४१४ हा हेडफोन आणला आणि ओपन रचना सर्वसामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचली. त्यामागचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. ड्रायव्हरचा, म्हणजे कपातल्या आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा, पडदा पुढे सरकतो तेव्हा कानाकडची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते, म्हणजे प्रत्येक पडदा एकाच वेळी परस्परविरुद्ध अशा दोन लाटा निर्माण करत असतो. बंद कपात मागची लाट भिंतीवर आपटून परत येते, मुळातच अत्यंत पातळ असलेल्या पडद्यातून काही अंशी आरपार कानापर्यंत पोहोचते आणि कपाच्या आकारानुसार काही स्वर फुगवते, काही गिळून टाकते. शिवाय कपात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याच्या अनुनादाची, म्हणजे त्याच्या नैसर्गिक कंपनाची, कंप्रता वर ढकलते. पाठ उघडी ठेवली की मागची लाट सरळ निघून जाते. ओपन हेडफोनमध्ये वाद्ये डोक्याच्या आत न ऐकू येता किंचित बाहेर, मोकळ्या जागेत ऐकू येतात, या अनुभवामागे परतून येणाऱ्या लाटेचा हा अभाव बऱ्याच अंशी आहे. मोबदल्यात बाहेरचा आवाज आत येतो, आतला बाहेर जातो आणि अगदी खालच्या खर्जात पुढची व मागची लाट गादीच्या फटींतून एकमेकींना गाठून खोडून टाकतात. नंतर रूढ झालेला ‘सेमी-ओपन’ हा शब्द या दोहोंच्या मधल्या कोणत्याही रचनेला लावला जातो. त्याची मोजून ठरवलेली सीमारेषा नाही, त्यामुळे तुलनेत त्याचा फारसा उपयोग होत नाही.

एचडी ४१४ चे आणखी एक वैशिष्ट्य होते, आणि आजच्या वादाच्या दृष्टीने तेच मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याची केबल काढता-घालता येत असे. प्रत्येक कपात दोन पिनांचे स्वतंत्र टोक बसायचे. हेतू अगदी घरगुती होता : केबल हा हेडफोनचा सर्वांत आधी तुटणारा भाग असतो, तो बदलता आला की बाकीचा हेडफोन वर्षानुवर्षे चालतो.

पुढच्या दोन दशकांत दोन्ही रचनांनी आपापली जागा धरली. १९७९ साली आलेल्या पहिल्या वॉकमनसोबतचा स्पंजच्या गादीचा हलका हेडफोन ओपन होता, आणि शेजारी बसलेल्याला जी अखंड चिस-चिस ऐकू यायची ती ओपन पाठीचीच देणगी होती. रेकॉर्डिंग स्टुडिओत मात्र क्लोज्ड-बॅकला पर्याय नव्हता, कारण गायकाच्या हेडफोनमधला ठोका समोरच्या संवेदनशील माइकने टिपला तर घेतलेला टेक वाया जातो. तिथे टेलिफोनसारखी गुंडाळीची, एकाच कपातून निघणारी आणि कायमची जोडलेली केबल रूढ झाली. एकाच बाजूने केबल आली की दुसऱ्या कानाची तार डोक्यावरच्या पट्टीतून न्यावी लागते, आणि अशा रचनेत दोन्ही कानांची परतीची तार, म्हणजे प्रवाह ॲम्प्लिफायरकडे परत नेणारी तार, बहुधा एकच असते. हा तपशील किरकोळ वाटला तरी पुढच्या गोंधळाचे एक मूळ त्यात आहे.

१९९७ साली बाजारात आलेल्या ३०० ओहमच्या (ओहम हे विद्युत रोधाचे, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे, एकक) एका ओपन-बॅक हेडफोनपासून आजच्या चर्चेची खरी सुरुवात धरावी लागते. एचडी ६०० या नावाने तो ओळखला जातो आणि आजही तुलनेसाठी तोच समोर ठेवला जातो. त्याला दोन्ही कपांत दोन-दोन पिनांची, काढता येणारी केबल होती. घरी बसून सोल्डरिंग आयर्न हाती धरणाऱ्या छांदिष्टांना नेमके हेच हवे होते. हेडफोन न उघडता आणि काहीही न बिघडवता तारेचे प्रयोग करता येऊ लागले. क्लोज्ड-बॅकवर असे प्रयोग कमी झाले, कारण त्यांच्या केबली बहुतांशी जोडलेल्याच होत्या. म्हणून ‘केबलने ओपन हेडफोन खुलतो’ हा समज पसरला तेव्हा क्लोज्ड हेडफोनवर तोच समज तपासण्याची सोयच बहुतेकांकडे नव्हती.

याच वळणावर ‘बॅलन्स्ड’ हा शब्द हेडफोनच्या जगात आला, आणि त्याने घातलेला गुंता अजून सुटलेला नाही. हा शब्द माइकच्या तारेचा आहे. माइकचा संकेत काही मिलिव्होल्टचा असतो आणि त्याला कित्येक मीटर प्रवास करायचा असतो. वाटेत विजेच्या तारांची गुणगुण त्यात मिसळते. म्हणून संकेत दोन तारांतून नेतात, दोन्ही तारांचा जमिनीशी (अर्थिंगशी) असलेला रोध सारखा ठेवतात आणि पलीकडचे यंत्र त्या दोन तारांमधला फरक तेवढा घेते. गुणगुण दोन्ही तारांत सारखीच शिरलेली असल्यामुळे वजाबाकीत नाहीशी होते. संतुलन म्हणजे हे : दोन तारांचे, जमिनीच्या संदर्भात.

हेडफोनच्या ड्रायव्हरमध्ये एक कॉइल असते आणि तिला दोनच टोके असतात. ती जमिनीला कुठेच जोडलेली नसते. तिच्या दोन टोकांमध्ये जो फरक असेल त्यानुसारच ती हलते, मग केबल कोणत्याही जातीची असो. म्हणजे ज्या गुणासाठी माइकच्या तारेला बॅलन्स्ड म्हणतात तो ड्रायव्हरच्या अंगी जन्मतःच आहे. त्यात भर म्हणजे केबल एक ते तीन मीटरची, ॲम्प्लिफायरचा निर्गम-रोध (संकेत बाहेर पडतो तिथला त्याचा स्वतःचा रोध) कमी आणि संकेत माइकच्या तुलनेत कितीतरी मोठा, त्यामुळे गुणगुण शिरण्याची भीती जवळजवळ उरत नाही. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही छोट्या उत्पादकांनी हेडफोनसाठी ज्याला बॅलन्स्ड म्हटले त्यात वास्तविक दोन स्वतंत्र गोष्टी होत्या. पहिली, दोन्ही कानांच्या परतीच्या तारा शेवटपर्यंत वेगळ्या ठेवणे. दुसरी, प्रत्येक कॉइलच्या दोन्ही टोकांना एकेक ॲम्प्लिफायर लावून ती दोन्ही बाजूंनी, एकीकडे ढकलत तर दुसरीकडे ओढत चालवणे. पहिलीला चार तारांची जोडणी आणि दुसरीला ब्रिज्ड पद्धत एवढे म्हणणे पुरेसे होते, पण स्टुडिओतल्या प्रतिष्ठित शब्दाचे वजन त्या नावांना नव्हते. माझ्या मते हे नामकरण चुकीचे होते आणि त्यानंतरचा बराचसा वाद या चुकीतूनच उगवलेला आहे.

दोन्ही गोष्टी आकड्यांत पाहिल्या की चित्र स्पष्ट होते. समजा दोन्ही कानांची परतीची तार एकच आहे आणि तिचा रोध ०.२ ओहम आहे. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये एका कानाचा आवाज दुसऱ्या कानात सुमारे ४४ डेसिबल खालच्या पातळीवर झिरपेल, आणि ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये सुमारे ६३ डेसिबल खाली. ग्रामोफोनच्या चांगल्या कार्ट्रिजमध्येही (सुई बसवलेल्या भागातही) दोन बाजूंचे विलगीकरण साधारण २५ ते ३० डेसिबल असते, हे ध्यानात घेतले तर या झिरपण्याचे महत्त्व किती मानायचे ते ठरवता येते. त्यातही दोन कपांत वेगवेगळ्या पिना असलेल्या हेडफोनच्या साध्या केबलमध्ये परतीच्या तारा सामायिक नसतातच. अशी एक जुनी केबल मी प्लगपाशी कापून पाहिली आहे. आत चार तारा होत्या, त्यांवर लाखेसारखा रंगीत मुलामा होता, जो आयर्नच्या टोकाने जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. परतीच्या दोन्ही तारा पूर्ण तीन मीटर वेगळ्या येऊन प्लगच्या मुळाशी एकाच डागाखाली एकत्र झाल्या होत्या. म्हणजे सामायिक असा उरला तो फक्त प्लगचा स्पर्श. त्याचा रोध ०.०२ ओहम धरला तर ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये झिरपणे ८३ डेसिबल खाली जाते. महागडी बॅलन्स्ड केबल इथे जे सुधारते ते एवढेच.

ब्रिज्ड पद्धतीचे तसे नाही. तीत कॉइलला मिळणारा व्होल्टेज दुप्पट होतो, शक्ती चौपट होते आणि आवाज ६ डेसिबलने वाढतो. व्हॉल्यूमचा खटका न हलवता प्लग एका खोबणीतून काढून दुसऱ्या खोबणीत घातला की ऐकणाऱ्याला एकदम जास्त जोर, जास्त खर्ज, जास्त तपशील जाणवतो, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक भरदार वाटतो. ३०० किंवा ६०० ओहमच्या ओपन हेडफोनला छोट्या यंत्रातून पुरेसा व्होल्टेज मिळत नाही, तिथे ही वाढ खरोखरच उपयोगाची आहे. पण ते श्रेय ॲम्प्लिफायरचे आहे आणि ते वर्षानुवर्षे केबलच्या खात्यावर जमा होत आले. या पद्धतीत ॲम्प्लिफायरचा निर्गम-रोधही दुप्पट होतो, ही बाजू जाहिरातीत दिसत नाही.

निर्गम-रोधाचा परिणाम केबलपेक्षा किती मोठा असतो, हे त्याच ३०० ओहमच्या हेडफोनवर दाखवता येते. अनुनादाच्या आसपास, म्हणजे साधारण ८० ते १०० हर्ट्झला, त्याचा रोध ५०० ओहमच्या घरात जातो. १९९० च्या दशकातील एका आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोनच्या निर्गमासाठी १२० ओहम हा आकडा होता. तेवढ्या रोधाच्या यंत्राला हा हेडफोन जोडला तर खर्ज सुमारे १ डेसिबलने उचलला जातो, आणि तो फरक लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवतो. अर्ध्या ओहमच्या केबलमुळे होणारा बदल ०.०२ डेसिबलचाही नसतो. कमी रोधाच्या क्लोज्ड हेडफोनमध्ये तीच केबल आवाज ०.१३ डेसिबलने कमी करते, तोही बहुतेक सर्व स्वरांत सारखाच.

केबलचा विद्युत गुणधर्म खऱ्या अर्थाने महत्त्वाचा ठरतो ती जागा इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे कॉइलऐवजी विद्युतभाराच्या ओढीने पडदा हलवणाऱ्या, हेडफोनची आहे. १९६० साली जपानमधून सुरू झालेल्या या परंपरेतले हेडफोन जवळजवळ सगळे ओपन असतात. त्यांचा ड्रायव्हर म्हणजे एक छोटा धारित्रच (विद्युतभार साठवणारा घटक, कपॅसिटर) असतो आणि केबलची धारिता त्याच्या तुलनेत दुर्लक्षिण्याजोगी नसते, म्हणून तारा एकमेकींपासून दूर ठेवणारी रुंद, चपटी पट्टी तिथे वापरली जाते. पण ही केबल बाजारातून आणून बदलण्याची वस्तू नव्हे, आणि ज्या हेडफोनवर सर्वाधिक प्रयोग झाले ते या जातीचे नव्हते.

क्लोज्ड-बॅकच्या बाजूने केबलचा एक प्रश्न मात्र पूर्णपणे खरा आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. केबल सदऱ्याच्या कॉलरला घासली की ते कंपन तारेतून कपात चढते. बंद कपात ती झाकून टाकणारा बाहेरचा आवाज पोहोचत नसल्यामुळे ही खरखर स्पष्ट ऐकू येते, तर ओपन हेडफोनमध्ये ती खोलीच्या आवाजात बुडून जाते. यावर उपाय तारेच्या धातूत नसून तिच्या आवरणात आहे : मऊ, लवचीक आवरणाची केबल कमी खरखरते, आणि वेणीसारखी विणलेली, दिसायला देखणी केबल बरेचदा जास्त.

२०१६ हे वर्ष दोन्ही अंगांनी निर्णायक ठरले. त्या वर्षी एका मोठ्या फोन-उत्पादकाने ३.५ मिलिमीटरची खोबण काढून टाकली. त्याच वर्षी जपानमध्ये पाच स्पर्शांच्या (पाच विद्युत जोड असलेल्या) ४.४ मिलिमीटर प्लगचे मानक ठरले. पहिल्या घटनेने सर्वसामान्य श्रोत्याला बिनतारी, आवाज दाबणाऱ्या आणि अर्थातच पाठ बंद असलेल्या हेडफोनकडे वळवले, कारण उघड्या कपात बाहेरचा गोंगाट दाबून काही उपयोग नसतो. या हेडफोनमध्ये ॲम्प्लिफायर कपातच बसल्यामुळे केबलचा प्रश्नच मिटला. दुसऱ्या घटनेने तारेशी एकनिष्ठ राहिलेल्यांना एक समान खोबण दिली. त्याआधी चार पिनांचा एक्सएलआर (स्टुडिओतला गोल, जाड प्लग) आणि २.५ मिलिमीटरचा नाजूक प्लग असे अनेक प्रकार एकाच वेळी चालत होते.

आता फोनला लावायच्या बोटाएवढ्या ॲम्प्लिफायरवरही, म्हणजे डॉंगलवरही, ३.५ आणि ४.४ अशा दोन खोबण्या शेजारी शेजारी असतात, आणि शब्दाचा जुना गोंधळ इथे नुकसानीपर्यंत जातो. ४.४ च्या प्लगवरून ३.५ च्या खोबणीत जाणारा अडॅप्टर सुरक्षित असतो, कारण त्यात परतीच्या दोन तारा एकत्र होतात आणि समोर त्या मुळातच एक असतात. उलट दिशेचा, म्हणजे साध्या तीन स्पर्शांच्या हेडफोनला ४.४ च्या खोबणीत बसवणारा अडॅप्टर तीच गोष्ट करतो, पण तिथे त्या दोन तारा म्हणजे दोन चालू ॲम्प्लिफायरची टोके असतात. ती एकमेकांना जोडली गेली की दोन्ही ॲम्प्लिफायर परस्परांवर चालू लागतात, आणि संरक्षक सर्किट नसेल तर डॉंगल जळू शकते.