कार्डिनलांना कोंडण्याची पद्धत आली कुठून?

पोप फ्रान्सिस यांचे २१ एप्रिल २०२५ रोजी निधन झाले. ७ मे रोजी १३३ कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे ज्येष्ठ धर्मगुरू, नवा पोप निवडण्यासाठी व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपलमध्ये गेले, दरवाजे बंद झाले आणि दुसऱ्याच दिवशी चौथ्या मतदानानंतर शिकागोत जन्मलेले, पेरूमध्ये अनेक वर्षे काम केलेले रॉबर्ट प्रीव्होस्ट हे चौदावे लिओ म्हणून लोकांसमोर आले. हे कोंडून घेणे गुप्ततेसाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. आज तो खराही आहे. मूळ कारण मात्र वेगळे होते: निवडणूक संपतच नव्हती आणि गावकरी वैतागले होते.

पोप म्हणजे आधी रोमचा बिशप, त्या शहराचा प्रमुख धर्मगुरू. त्यामुळे सुरुवातीची कित्येक शतके त्याला रोमचे धर्मगुरू आणि रहिवासीच निवडत. त्यात सरदार घराणी आणि सम्राट यांची ढवळाढवळ इतकी वाढली की १०५९ मध्ये दुसऱ्या निकोलस यांनी निवडीची सूत्रे कार्डिनलांकडे दिली. पण एकमत झाले नाही तर काय? हरलेला गट आपला वेगळा पोप उभा करी. म्हणून ११७९ मध्ये दोन तृतीयांश मतांची अट आली. तिने दुफळीला आळा घातला, पण कोंडीची सोयही करून ठेवली.

ती कोंडी १२६८ मध्ये झाली. चौथे क्लेमेंट रोमच्या उत्तरेकडील व्हितेर्बो गावी वारले आणि कार्डिनल तिथेच निवडणुकीला बसले. फ्रेंच बाजूचे आणि त्यांच्या विरोधातले, दोन्ही गट हटेनात. महिने गेले, वर्ष गेले. अखेर गावच्या अधिकाऱ्यांनी त्यांना बिशपच्या वाड्यात कोंडले, जेवण तोडले आणि छप्परही काढले. ही नुसती दंतकथा म्हणून सोडून देता येत नाही, कारण जून १२७० मधल्या एका पत्रात ‘छप्पर नसलेल्या वाड्यात’ लिहिल्याची नोंद आहे. एवढे होऊनही निकाल लागला सप्टेंबर १२७१ मध्ये. निवडलेले तेओबाल्दो व्हिस्कोन्ती कार्डिनल नव्हते, इटलीतही नव्हते. ते धर्मयुद्धाच्या मोहिमेवर पॅलेस्टाइनमधल्या एकर शहरात होते.

दहावे ग्रेगरी हे नाव घेतलेल्या या पोपनी १२७४ च्या ल्योंच्या धर्मपरिषदेत गावकऱ्यांच्या त्या जबरदस्तीचाच कायदा केला. कार्डिनलांनी एकत्र कोंडून राहायचे. तीन दिवसांत निर्णय नाही झाला तर दर जेवणाला एकच पदार्थ. आणखी पाच दिवसांनी फक्त भाकरी, पाणी आणि वाइन. नियम कार्डिनलांना आवडला नाही हे सांगायला नको. दोनच वर्षांत तो बाजूला पडला. मग १२९२ मध्ये पुन्हा सत्तावीस महिने गादी रिकामी राहिली. त्यातून निवडले गेले वृद्ध तपस्वी पाचवे सेलेस्टाइन. त्यांनी तो नियम परत आणला आणि काही महिन्यांतच, डिसेंबर १२९४ मध्ये, पद सोडले. पोप राजीनामा देऊ शकतो का, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हापासून ‘हो’ आहे. मात्र उत्तराधिकारी आठवे बोनिफेस यांना मोकळा फिरणारा माजी पोप धोक्याचा वाटला. सेलेस्टाइन १२९६ मध्ये कैदेतच वारले. २०१३ मध्ये सोळावे बेनेडिक्ट पायउतार झाले तेव्हा त्यांना व्हॅटिकनमध्येच निवांत राहता आले.

गुप्ततेला आजची धार आली ती राजांमुळे. काही कॅथलिक राजे नको असलेल्या उमेदवाराला नकाराधिकार वापरत. १९०३ मध्ये कार्डिनल राम्पोला आघाडीवर असताना क्राकोच्या कार्डिनल पुझिनांनी ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा नकार भर सभेत वाचून दाखवला. निवडून आलेल्या दहाव्या पायस यांनी पुढच्याच वर्षी ही प्रथा कायमची बंद केली. असा निरोप घेऊन येणारा कार्डिनल धर्मबहिष्कृत होईल असे ठरवले.

मतदारांची वयोमर्यादा त्या मानाने अगदी नवी. सहाव्या पॉल यांनी १९७० मध्ये ८० वर्षांवरील कार्डिनलांचे मत काढून घेतले. म्हणूनच २०२५ मध्ये गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव मतदानाला आत होते, तर मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशियस, जेमतेम काही महिन्यांपूर्वी ऐंशी पूर्ण झाल्याने, बाहेर राहिले.

दोन तृतीयांशाची अट सैल करण्याचाही एक प्रयत्न झाला. दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये तरतूद केली, की तीसेक फेऱ्यांनंतरही निकाल न लागल्यास साध्या बहुमताने निवड करता येईल. वरवर सोयीची, पण माझ्या मते मोठी चूक: निम्म्याहून अधिक मते हाती असलेल्या गटाने तडजोड कशाला करायची, नुसते थांबले की झाले! बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये ती रद्द करून ११७९ ची अट पुन्हा पक्की केली.