क्लासचा ग्रुप वेगळा, अभ्यासातली सोबत वेगळी

ऑनलाइन शिकणारं कुणी "आमचा ग्रुप आहे की" म्हणालं की मी एकच विचारते, तू चार दिवस गायब झालास तर त्या ग्रुपवर कुणाला कळेल का?

2020 च्या मार्चमध्ये हॉस्टेल रिकामं करून मी गावी आले आणि टीवायबीकॉमचं अख्खं वर्ष घरूनच केलं. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, शंभरच्या वर मेंबर. लेक्चरची लिंक, नोट्सची पीडीएफ, एक्झाम फॉर्मची लास्ट डेट सगळं तिथं मिळायचं आणि ते लागतंच, त्याला मी नावं ठेवणार नाही. 28 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परीक्षा न घेता फायनल इयरवाल्यांना पास करता येणार नाही, त्या दिवशी तर रात्रीपर्यंत मेसेज थांबेनात. पण "पुस्तक उघडावंसंच वाटत नाहीये" असं तिथं कुणी कधी लिहिलं नाही, मीपण नाही, एवढ्या जणांसमोर कोण लिहील.

सोबत मिळाली ती दुसरीकडे. आम्ही चौघीजणी रोज रात्री आठला झूमवर यायचो, कॅमेरा बंद, आज काय करणार ते एकेका वाक्यात सांगायचं आणि म्यूट करून आपापलं करत बसायचं. फ्री अकाउंट असल्यामुळे 40 मिनिटांनी कॉल आपोआप कटायचा, तोच आमचा चहाचा ब्रेक, मग परत जॉइन. मध्ये मी तीन दिवस गेलेच नाही तर एकीचा थेट फोन आला, "अगं आहेस कुठे?" मी काहीतरी कारण सांगितलं, तिने खोदून विचारलं नाही, फक्त मार्जिनल कॉस्टिंगच्या एका समचा फोटो पाठवला, ब्रेक-ईव्हन पॉइंटपाशी अडकलेला, "बघ ना जरा, मला जमत नाहीये". तो सम सोडवायला म्हणून मी वही उघडली ती दीड तासाने मिटली.

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलंय की माणसाला आतून करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात, आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. त्या एका फोटोत मला नंतरच्या दोन्ही मिळाल्या. वर्गाच्या ग्रुपवर "ऑल द बेस्ट, यू कॅन डू इट"चे फॉरवर्ड रोज यायचे, त्याने वही उघडली नव्हती.

म्हणून सोबत हवी असेल तर माणसं कमी ठेवा, तीन ते पाच. वेळ ठरलेली हवी आणि कोण आलं नाही हे लगेच दिसायला हवं. मार्क विचारायचे नाहीत, हा नियम आम्ही पहिल्याच आठवड्यात केला कारण एकीने त्याच भीतीने येणं बंद केलं होतं.

अजून एक, मैत्रिणीची सोबत म्हणजे उपचार नव्हे. कुणी झोपतच नसेल, जेवत नसेल, मरायच्या गोष्टी करत असेल तर तिला एकटं सोडू नका, घरच्या माणसांना सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावून द्या, 24 तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

माझी वहिनी आता नोकरी सांभाळून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए करतेय. अभ्यासकेंद्राच्या ग्रुपवर तीही आहेच, पण त्यातल्या दोघींना तिने वेगळं गाठलंय आणि रात्री साडेनऊला पोरगा झोपला की तिघी फोन लावून बसतात.