व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर का फाटतो, आणि आमच्याकडं क्लिप कशा पाठवायच्या

(लग्न, साठी, बारसं, दुकानाचं उद्घाटन, चादर-टॉवेलचे प्रॉडक्ट व्हिडिओ करून घेणाऱ्या आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी)

सिझन सुरू झाला की दोन फोन ठरलेले असतात. एक तुमचा, "तुमचा व्हिडिओ लई फाटायलाय की ओ, पाहुण्यांना पाठवला तर नवरी कोण करवली कोण ओळखू येईना." दुसरा आमचा, "दादा, काल पाठवलेल्या क्लिपा परत पाठवा, ह्या स्क्रीनवर चालणार नाहीत." दोन्ही फोनचं कारण एकच, गॅलरीतून सरळ व्हॉट्सॲपवर टाकलेला व्हिडिओ. म्हणून हा कागद पेनड्राईव्हबरोबर देतोय, घरात जो कुणी मोबाईलमधलं बघतो त्याच्या हातात द्या.

होतं काय की गॅलरीतून व्हिडिओ निवडला आणि सेंड दाबलं की व्हॉट्सॲप तो आधी बारीक करतं आणि मग पाठवतं. दोनशे-तीनशे एमबीची क्लिप समोरच्याला वीस-तीस एमबीची होऊन मिळते. मोबाईलच्या सहा इंची स्क्रीनवर ते कळत नाही, त्यामुळं तुम्हाला वाटतं "माझ्याकडं तर क्लिअर दिसतंय". यात व्हॉट्सॲपचा दोष काढायचं कारण नाही, पटकन पोचणं हेच त्याचं काम आहे. पण त्यानं जे काढून टाकलं ते गेलं. चिपाडातून परत ऊस होत नाही.

"एआयनं क्लिअर करून द्या की" असं आता बरेच जण म्हणतात. करता येतं, आमच्याकडं सॉफ्टवेअर आहे, पण ते गेलेलं परत आणत नाही, अंदाजानं नवीन भरतं. साडीच्या काठाला चालून जातं. आजीच्या चेहऱ्याला चालत नाही, सुरकुत्या जातात, डोळे वेगळेच येतात आणि घरातलेच म्हणतात ही आमची आजी नाही. त्यामुळं ओरिजिनल खरंच कुठंच उरलं नसेल तरच आम्ही त्या वाटेला जातो.

ग्रुपवरून गोळा करू नका, ज्यानं शूट केलं त्याला मागा

सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. साठीच्या कार्यक्रमाला वडिलांची फिल्म करायची असते, तुम्ही फॅमिली ग्रुप उघडता, वर जाऊन जुन्या क्लिपा एकेक करून आम्हाला फॉरवर्ड करता. तुम्ही फॉरवर्ड केल्यामुळं त्या बिघडत नाहीत, ग्रुपवर पहिल्यांदा पडल्या तेव्हाच बिघडलेल्या असतात. मग आम्ही टायमिंग लावून, म्युझिक टाकून फिल्म तयार करतो, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुण्याच्या भाच्याकडून ओरिजिनल येतं, की सगळं सोडवून परत बसवायचं. एडिटिंगचा उशीर म्हणून जो धरला जातो त्यातला बराचसा हा असतो, हे जरा लक्षात घ्या.

तर भाच्यालाच फोन करा. क्लिप त्याच्या मोबाईलमध्ये किंवा गूगल फोटोजमध्ये असेल, तिथून पाठवायला सांगा.

ओरिजिनल आहे की नाही हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. अँड्रॉइडवर गॅलरीत व्हिडिओ उघडून डिटेल्स बघा. फाईलच्या नावात तारखेनंतर 'डब्ल्यूए' आणि पुढं आकडे असले तर ती व्हॉट्सॲपवरून आलेली आहे. नाव बदललं असेल तर रिझोल्यूशन (चित्रात आडवे-उभे किती ठिपके) बघा, १९२० बाय १०८० किंवा त्याच्या वर असेल तर बहुतेक ठीक, ८४८ बाय ४८० असलं काही दिसलं तर पाठवायचे कष्ट घेऊ नका. स्टेटसवरून उतरवलेलं आणि इन्स्टाच्या स्टोरीचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून आणलेलं याच्याही खाली, त्यात वर बॅटरीचं चिन्हसुद्धा येतं, आणि ते तसंच स्टेजवर दिसतं.

पाठवायचं कसं? व्हॉट्सॲपवरूनच पाठवा, पण डॉक्युमेंट म्हणून. पिनच्या चिन्हावर जाऊन गॅलरी न निवडता डॉक्युमेंट निवडायचं आणि तिथून व्हिडिओची फाईल घ्यायची, २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी जाते. आयफोनवाल्यांनी आधी फोटोजमधून 'सेव्ह टू फाईल्स' करायचं आणि मग डॉक्युमेंटमधून ती फाईल उचलायची. नुसतं एचडी बटण दाबलं की झालं असं नाही, त्यानं नेहमीपेक्षा बरं जातं पण तेही बारीक केलेलंच असतं. क्लिपा जास्त असतील तर गूगल ड्राईव्हची लिंक द्या, १५ जीबी फुकट आहे, पण त्यातच तुमचं जीमेल आणि फोटो पण बसतात म्हणून आधी जागा बघा. आणि लिंक देताना 'एनीवन विथ द लिंक' करा राव, रात्री अकराला आम्ही ॲक्सेस मागायचा आणि तुम्ही सकाळी उठून द्यायचा यात एक रात्र जाते. नाहीतर सरळ दुकानात या, केबल लावून समोरासमोर कॉपी करून घेतो, चहा आमच्याकडून.

साईज कशावर ठरते

पुष्कळ जणांना वाटतं फोरके (फुल एचडीच्या चौपट ठिपके) म्हणजे चांगलं आणि साईज कमी म्हणजे खराब. तसं सरळ नाही. साईज ठरते दर सेकंदाला किती डेटा वापरला यावर, त्याला बिटरेट म्हणतात. ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजेच १ एमबी, मिनिटाला ६० एमबी, तासाला साडेतीन जीबीच्या वर. तुमची चार मिनिटांची हायलाईट फिल्म आम्ही २० एमबीपीएसला काढली तर ६०० एमबी होते, ८ ला काढली तर २४०, आणि २ ला काढली तर ६०. फिल्म तीच, लांबी तीच.

मग २ ला का चालत नाही? काही ठिकाणी चालतं. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, पूर्ण साठवत नाहीत, मधूनमधून एक पूर्ण आणि मधल्या फ्रेमांत फक्त काय हाललं तेवढंच. स्टेजवर एक जण माईक धरून बोलतोय, मागं पडदा स्थिर, तिथं कमी डेटात भागतं. पण 'शुभमंगल सावधान' झालं आणि मांडवभर अक्षता उडाल्या की प्रत्येक दाणा हालतोय, प्रत्येक फ्रेम नवीन, आणि बिटरेट कमी असेल तर त्याच क्षणाला चेहऱ्यांचे चौकोन पडतात. म्हणजे नेमकं जे बघायचं तेच फाटतं. हळदीचा धुरळा, कोल्ड पायरोच्या ठिणग्या, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा, होम मैदानावरचं दारूकाम, सगळं ह्याच जातीचं. म्हणून आमची फाईल बाजारात मिळणाऱ्या काही फाईलींपेक्षा जड असते, आणि ती आम्ही मुद्दाम जड ठेवतो.

कारखानदार ग्राहकांसाठी एक वेगळं सांगतो. टेरी टॉवेलचा लूप आणि जॅकार्ड चादरीचं डिझाईन हे सगळं बारीक टेक्स्चर आहे, कमी बिटरेटला ते पहिल्यांदा पुसलं जातं आणि टॉवेल प्लास्टिकसारखा दिसतो. बाहेरच्या पार्टीला व्हिडिओ पाठवताना गॅलरीतून टाकू नका, डॉक्युमेंट किंवा लिंकच पाठवा. माल चांगला असून व्हिडिओमुळं हलका दिसला तर नुकसान तुमचं.

एलईडी वॉलला फोरके कशाला

हा वाद दर लग्नात होतो. भाड्यानं येणारा एक नेहमीचा पॅनल अर्ध्या मीटरचा असतो आणि त्यात १२८ बाय १२८ ठिपके असतात. असे आडवे आठ आणि उभे पाच लावले, म्हणजे ४ मीटर बाय अडीच मीटरची वॉल, तर सगळे मिळून १०२४ बाय ६४० ठिपके झाले. फुल एचडीपेक्षा सुद्धा कमी! तिथं फोरके दिलं तर प्लेअर ते खाली आणूनच दाखवणार, वर जुना लॅपटॉप असेल तर अडकणार. पण तेवढ्याच ठिकाणी व्हॉट्सॲपचा फाटका व्हिडिओ लावला तर त्यातला एकेक चौकोन हातभर मोठा दिसतो. म्हणून वॉलला आम्ही १०८०पी (म्हणजे फुल एचडी) आणि भरपूर बिटरेट अशी फाईल देतो, आणि कमी पैशात काम उरकायला फोरके दिलं नाही असा गैरसमज कृपया करून घेऊ नका.

तीन फाईली का देतो

आमच्या पॅकेजमध्ये हायलाईटच्या तीन फाईली असतात, वेगळे पैसे नाहीत. मोठी फाईल जपून ठेवायची, ती कुणाला पाठवायची नाही, पुढंमागं काही करायचं झालं तर तीच लागते. मधली यूट्यूबला आणि घरच्या टीव्हीला. छोटी व्हॉट्सॲपसाठी, ती आम्ही आधीच बघून-बघून लहान केलेली असते, अक्षतांच्या जागी डेटा जास्त आणि बाकी ठिकाणी कमी असा हिशोब लावून. ती सुद्धा डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप तिला अजून बारीक करतं आणि शिव्या आम्हाला बसतात. स्टेटस आणि रील्सला उभी फाईल लागते, १०८० बाय १९२०, ती वेगळी एडिट करावी लागते म्हणून तिचा चार्ज वेगळा आहे, आडवी फिल्म नुसती कापून उभी केली तर नवरा किंवा नवरी, एक जण बाहेर जातो.

पूर्ण लग्नाची फिल्म भागाभागात का असते हेही विचारतात. बरेच टीव्ही फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेलाच पेनड्राईव्ह वाचतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही, म्हणून तासाच्या आतले भाग पाडतो. तसंच आम्ही एच २६४ मध्ये देतो, ही व्हिडिओ दाबून साठवायची जुनी पद्धत, एच २६५ ही तिच्या पुढची. एच २६५ मध्ये साईज साधारण निम्म्यावर येते हे खरंय, पण जुन्या टीव्हीला लावलं की नुसता आवाज येतो आणि चित्र काळं. तुमचा टीव्ही नवीन असेल तर सांगा, त्यात काढून देऊ.

यूट्यूबला टाकणार असाल तर 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे लिंक असणाऱ्यालाच दिसतं. आणि अपलोड झाल्या झाल्या लिंक वाटत सुटू नका. यूट्यूब आधी हलकं व्हर्जन तयार करतं, एचडी मागनं येतं, तोवर ज्यानं उघडलं त्याला ३६०पी दिसणार. ड्राईव्हचंही तसंच, तिथल्या तिथं प्ले करून क्वालिटी ठरवू नका, डाऊनलोड करून बघा.

स्वतः लहान करायचं असेल तर हँडब्रेक म्हणून सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर फुकट मिळतं. एच २६४, १०८०पी, आरएफ (त्यातला क्वालिटीचा आकडा) २० ते २३ च्या मधे ठेवा, आकडा वाढवला की साईज कमी आणि क्वालिटीही कमी. मोठ्या फाईलवरूनच करा, छोटीवरून परत छोटी करू नका. मोबाईलमधली कॉम्प्रेसर ॲप शक्यतो नको, जाहिराती बघण्यात वेळ जातो आणि किती दाबलं ते सांगत नाहीत. हा खटाटोप नको वाटला तर आम्ही आहोतच, आमच्याकडं केलेल्या फिल्मची साईज सहा महिन्यांच्या आत कितीही वेळा बदलून देतो, फक्त त्यानंतर डेटा ठेवत नाही. दुसरीकडं शूट केलेलं असेल तरी आणा, क्लिपा चालतील का ते बघायचे पैसे घेत नाही.

कार्यक्रमात लावायचा व्हिडिओ निदान चार दिवस आधी द्या, आणि पेनड्राईव्ह ३२ जीबीचा, रिकामा आणा.